अकरावा खटका

ही गोष्ट खरी आहे. ज्याच्यावर हा प्रसंग आला तो प्रणित माझ्या धाकट्या भावाचा मुलगा, आणि ज्या खोलीत हे घडलं त्या खोलीत मी स्वतः बसून आलो आहे.

भुताला रात्रच लागते असं तुम्हाला वाटत असेल, तर आधीच सांगतो... हे सगळं भर दुपारी घडलं. गेल्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी, सावली या तालुक्याच्या ठिकाणाजवळच्या आमच्या गावात.

प्रणितचं काम जरा वेगळं आहे. घड्या घातल्या की ज्यांचा ट्रक किंवा विमान होतं, असे खेळण्यातले रोबो तो दुरुस्त करतो. मोठी माणसं ते हौसेने जमवतात. नागपूर-पुण्याहून ते कुरियरने त्याच्याकडे येतात. तुटलेला सांधा नवा करायचा, ढिला पाय घट्ट करायचा, कुणाला वेगळा रंग हवा, तर कुणाला मोठे हात.

ज्यांनी असं खेळणं कधी हाती घेतलं नसेल, त्यांच्यासाठी थोडं समजावतो. घड्यांचा क्रम ठरलेला असतो. मी सांगतोय त्या रोबोला अकरा घड्या होत्या. आधी दोन्ही पावलं. मग दोन्ही गुडघे. मग कंबर. मग कोपरं, मग खांदे. दहावी घडी पाठीची. आणि शेवटी, अकरावी... डोकं आत.

प्रत्येक घडी बसली की खटका वाजतो. कट्.

प्रणितला पाठमोरं बसूनही नुसत्या खटक्यावरून कळतं, कोणती घडी बसली.

हा रोबो मात्र कुरियरने आला नव्हता. सिंदेवाहीकडच्या एका खेड्यातून अंजनाबाई नावाची बाई एसटीने तो घेऊन आली होती. पदरात गुंडाळून.

"कोनाचा हाये, बाई?" प्रणितने विचारलं.

"माह्या पवनचा. त्याच्या मामानं हैद्राबादवरून आनला होता." तिने पदर उलगडला. "पवन गेला, भाऊ. दिवाळीच्या आधी. नऊ वर्साचा होता."

रोबो अर्धवट मिटलेला होता. कंबर तुटलेली, गुडघे आत अडकलेले.

"याले उभा करून दे. आन असा कर, का पुन्हा मिटलाच नाई पायजे. सारे सांधे चिकटवून टाक."

"चिकटवून? बाई, लई जुना माल हाये हा. लोकं शोधत फिरतेत याले. चिकटवला म्हंजे मेला समजा."

अंजनाबाईने रोबो त्याच्यापुढे सरकवला.

"तू फक्त उभा करून दे, भाऊ."

प्रणितने शब्द दिला. पुढच्या बुधवारी न्यायला या म्हणाला.

पण कारागिराचं मन. इतका जुना, इतका देखणा नग गोंदाने कायमचा बंद करायचा? त्याच्याने होईना. त्याने पितळेची नळी कापून कंबरेचा नवा सांधा बनवला. आणि गोंदाऐवजी पाठीत एक बारीक पिन घातली. पिन आत असली की रोबो ताठ उभा. काढली की पहिल्यासारखा मिटतो.

बाईला काय कळणार आहे, असं त्याला वाटलं.

चूक झाली ती इथे.

मंगळवारी दुपारी बायको करिश्मा अंगणवाडीत होती. घरात दुसरं कोणी नाही. प्रणित मागच्या खोलीत बसला होता. ही खोली पूर्वी धानाची. लोखंडी दार, हातभर खिडकी, तिलाही गज. कोपऱ्यात धान साठवायची पत्र्याची जुनी कोठी, झाकणाला कडी असलेली. तिच्यात तो आता रिकामी खोकी ठेवायचा.

फक्त एकदा मिटवून बघू, म्हणून त्याने पिन काढली.

कट्. कट्. पावलं. गुडघे. नवी कंबर लोण्यासारखी वळली. कोपरं. खांदे. पाठ.

दहा झाल्या. त्याने रोबोच्या डोक्यावर अंगठा ठेवला...

आणि मागे दार बंद झालं.

वारा नव्हता. बाहेरून कडी सरकल्याचा आवाज त्याने स्पष्ट ऐकला.

"करिश्मा? का मजाक करून राह्यली?"



त्याने दार ढकललं. लाथा मारल्या. बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला, स्क्रू काढायचा पेचकस असून उपयोग नाही. मोबाईल पुढच्या खोलीत चार्जिंगला.

तो खिडकीशी जाऊन ओरडला. तेवढ्यात रस्त्यावर भोंगा वाजू लागला. वनविभागाची गाडी होती. "तळ्याच्या पाळीवर वाघ आहे. कोणीही घराबाहेर पडू नका. दारं लावून घ्या..."

गावातली दारं धडाधड लागली. त्याची हाक त्या भोंग्यात बुडाली.

गाडी पुढे गेली. सगळं शांत झालं. कोंबडी नाही, कुत्रं नाही.

मग...

कट्.

रोबो टेबलावर होता. स्थिर. आवाज तिथून नव्हता.

कोठीतून होता.

कट्. दुसरं पाऊल.

प्रणित कोठीकडे वळला. कोठीत खोक्यांशिवाय काही नव्हतं, हे त्याला पक्कं माहीत होतं.

कट्... कट्... गुडघे.

मध्ये बराच वेळ जायचा. कुणीतरी अडचणीच्या जागेत, हळूहळू स्वतःला बसवून घेतंय, असा.

कट्. कंबर.

खोलीतली हवा जड झाली. श्वास अर्ध्यावरच अडू लागला. आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की तो उभा नाही. भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. गुडघे छातीशी. हात पोटाशी. कधी बसला, आठवेना.

कट्. कट्. कोपरं. कट्. कट्. खांदे.

त्याची पाठ आपोआप वाकत होती.

कट्.

दहा.

आता मानेवर भार आला. लहानसा हात ठेवावा तेवढाच. पण तो मान खाली दाबत होता...

प्रणित रांगत टेबलाकडे गेला. रोबोच्या घड्या उलट्या क्रमाने उघडल्या. पाच मिनिटांत दगड होणारा गोंद कालवला आणि प्रत्येक सांध्यात भरला. पावलं, गुडघे, कंबर, सगळीकडे. शेवटी मान. ती सरळ राहावी म्हणून बोटाने हनुवटी वर धरून ठेवली.

"उभा राय, बाबू," तो पुटपुटत होता. "उभा राय. नाई मिटवत मी तुले."

पाच मिनिटं. बोट हललं नाही.

गोंद वाळला. मानेवरचा भार गेला.

संध्याकाळी वनरक्षकांनी करिश्माला घरापर्यंत सोडलं. तिने दार उघडलं.

"बाहेरून कडी कोनं लावली? आन तुमी असे पांढरे काऊन पडले?"

 प्रणित सरळ कोठीकडे गेला. कोठीची कडीही लागलेली होती. ती त्याने कधीच लावली नव्हती.

झाकण उघडलं.

सगळी खोकी पत्र्याला दबून कडेला सरकली होती. मधोमध जागा रिकामी होती... एक मूल गुडघे पोटाशी घेऊन बसेल एवढी.

बुधवारी अंजनाबाई आली. तिने रोबोचं डोकं दाबून पाहिलं. वाकलं नाही. मग पवन कसा गेला ते तिने पहिल्यांदाच सांगितलं.

"लपाछपी खेळत होता. आमी धान कापाले वावरात. रिकाम्या कोठीत जाऊन बसला, वरून कडी पडली. सांजेपर्यंत कोनालेच दिसला नाई." तिने रोबो पदरात घेतला. "हातात हाच होता. पोराले सरळ कराले लई पाह्यलं, भाऊ. झालाच नाई. तसाच मिटलेला मातीत ठेवला."

जाताना दारात थांबून तिने विचारलं, "तुले त्रास त नाई देल्ला ना त्यानं?"

प्रणितने मान हलवली. नाही म्हणून.

आज त्याच्या घरात एकाही दाराला बाहेरून कडी नाही. कोठी त्याने भंगारात दिली. टेबलाचे पाय वाढवून छातीइतके उंच केलेत, आणि तो काम उभ्यानेच करतो. मी गेलो तेव्हा म्हटलं, बस ना बाबा जरा. तो बसला नाही.

"मोठेबाबा," तो म्हणाला, "मी मोजले होते. दहाच वाजले."

बोलताना तो कोठी होती त्या कोपऱ्याकडे बघत होता.

"अकरावा अजून वाजला नाई."