कुत्र्यानं केलं

सगळे बसलात? मग ऐका, आणि मधेच मोबाइल काढू नका. हे काही मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण रुपरावांनी मला स्वतःच्या तोंडानं सांगितलं. गांधीबागेच्या बाजारात एकाच दुकानात आम्ही दोघांनी बावीस वर्षं कापडाची ठाणं उलगडली. माणूस अगदी सरळ. आयुष्यात एकदाच खोटं बोलला, आणि ते त्याला चांगलंच भोवलं.

त्या संध्याकाळी रुपराव फिनाइल आणायला निघाले होते. ११ डिसेंबर २०२४, बुधवार, एकादशी. नंदनवन वस्तीतल्या त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान आहे. दुकानदारानं बाटली काढून दिली आणि म्हणाला, "काकाजी, महिन्यातली ही चवथी. पिऊन राहिले का?"

रुपराव हसले. हसण्यासारखं काहीच नव्हतं.

घरात माणसं तीन आणि कुत्रा एक. रुपराव अठ्ठ्याहत्तरचे, बायको प्रेमिला चार वर्षांपूर्वी गेलेली. मुलगा जितेंद्र, सून श्वेता. आणि भुऱ्या. प्रेमिलाबाईंनी त्याला पिल्लू असताना उचलून आणलं होतं आणि सगळ्या सवयी लावल्या होत्या. त्याला लागली की तो ग्रिलच्या दाराशी उभा राहून पंजानं खरडायचा. रुपराव कितीही झोपेत असोत, उठून दार उघडायचे. सात वर्षांत त्यानं घरात एक थेंब सांडला नव्हता.

दिवाळीनंतर एका सकाळी हॉलमध्ये रुपरावांच्या खाटेखाली ओलं सापडलं.

"अवं माय, हे काय?" श्वेता म्हणाली.

रुपरावांच्या तोंडून पटकन निघून गेलं, "कुत्र्यानं केलं."

केलं होतं त्यांनीच. वयच तसं, रात्री आवरत नव्हतं. पण शेजारच्या वामनरावांचं असंच सुरू झालं आणि महिन्याभरात लेकानं त्यांना पारशिवनीच्या पुढे एका वृद्धाश्रमात नेऊन टाकलं होतं. रुपरावांना त्याचीच धास्ती होती. मरायचं ते आपल्या घरात, आपल्या खाटेवर, याहून त्या माणसाला दुसरं काही नको होतं.

मग ते दर तीन-चार दिवसांनी होऊ लागलं. जनावरांच्या डॉक्टरनं भुऱ्याला तपासून ठणठणीत सांगितलं. जितेंद्रनं त्याचं नाक ओल्यात घासलं, पट्ट्यानं बडवलं. आपल्याकडे कुत्र्यानं घाण करू नये म्हणून फाटकासमोर लाल पाण्याच्या बाटल्या ठेवतात ना? जितेंद्रनं त्या घरात आणल्या आणि सहाच्या सहा रुपरावांच्या खाटेभोवती मांडल्या. रात्री म्हातारा त्या लाल बाटल्यांच्या मधोमध पडून असायचा. भुऱ्या त्या हुंगायचा आणि नेहमीसारखा खाटेखाली जाऊन निजायचा.

मार खाताना भुऱ्या रुपरावांकडे बघायचा. रुपराव टीव्हीकडे बघायचे. लाज वाटत होती हो, पण तोंड उघडत नव्हतं.

तर त्या बुधवारी ते फिनाइल घेऊन घरी आले. जेवणं झाली. नऊ वाजता जितेंद्र गाडीची किल्ली घेऊन समोर उभा राहिला.

"बाबा, भुऱ्याले सोडून येऊ. तुम्हीबी चाला. तुमच्याबिगर तो गाडीत नाही बसणार."

"इतक्या रात्री काहून? सकाळी पाहू ना."

"सकाळी लोक पाहतात."

रुपरावांनी नुसतं "ये गा" म्हटलं, आणि भुऱ्या उडी मारून मागच्या सीटवर त्यांच्या शेजारी बसला. कामठी गेली, कन्हान गेलं. आमडी फाट्यावरून गाडी पारशिवनीकडे वळली. दोन्ही बाजूंना धान कापलेल्या रिकाम्या बांध्या, वर चंद्र, कडाक्याची थंडी. आणि एवढ्यात रुपरावांनाच लागली. ते उतरले, तसा भुऱ्याही मागोमाग उतरला.

"बाबा, या आता. दार लावा."

एक शब्द पुरे होता. अरे, त्याचं काही नाही, माझंच आहे. रुपरावांनी तो शब्द गिळला आणि दार लावलं.

भुऱ्या मागे धावत आला. बराच वेळ आला. मग समोरून एक ट्रक गेला. त्यानंतर मागे कोणी नव्हतं.

घरी आल्यावर रुपरावांनी स्वतःला असं आवळलं की विचारू नका. पाच वाजल्यानंतर पाणी बंद. ओळखीचं कोणी पाहू नये म्हणून पार गावाच्या दुसऱ्या टोकावरून म्हाताऱ्यांचे डायपर आणले, तेही पिशवीत पिशवी घालून. रोज पहाटे ते आधी स्वतःला चाचपायचे. कोरडे असायचे. बरं वाटायचं.

नवव्या दिवशी पहाटे ते उठले तर पाय ओल्यात पडला. खाटेखाली नव्हतं ते. ग्रिलच्या दाराशी होतं. त्यांनी आपल्याच टॉवेलनं पुसून काढलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच. तिसऱ्या दिवशीही.

२३ डिसेंबर, सोमवारची रात्र. त्यांनी ठरवलं, आज झोपायचं नाही. तीन वाजले. तीन दहा झाले...

खाटेखाली काहीतरी उठलं.

टाइल्सवर नखं वाजली. टक... टक... टक. सावकाश. लाल बाटल्यांमधून दाराकडे. एक बाटली जराशी हलली. दिसत कोणीच नव्हतं.

मग दारावर खरडणं सुरू झालं.

रुपरावांना कळत होतं. उठायचं, कडी काढायची, बस. सात वर्षं ते हेच करत आले होते. पण पाय उचलेनात. बाहेर सोडलं तर ते कुठं जाईल? आणि परत आलं तर...

"भुऱ्या," ते कसेबसे म्हणाले.

खरडणं थांबलं.

काही नाही...

काहीच नाही.

मग फरशीवर पाणी पडल्याचा आवाज. बराच वेळ.

त्यांनी पुसायला टॉवेल शोधला, तेवढ्यात दिवा लागला. श्वेता पाणी प्यायला उठली होती. तिनं दाराशी पाहिलं, मग सासऱ्याकडे.

"मामाजी..."

"कुत्र्यानं केलं," रुपराव म्हणाले.

खरं सांगत होते हो! देवाशपथ खरं सांगत होते! श्वेता तिथंच मटकन बसली आणि रडायला लागली. जितेंद्र आला. त्यानं पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "बाबा, कपडे भरून ठेवा. संध्याकाळी जाऊ."

मंगळवारी रात्री तोच रस्ता. आश्रमवाल्यांना फोन झालेला होता. मागच्या सीटवर रुपराव आणि त्यांची बॅग. त्या बांध्यांपाशी ते म्हणाले, "थांबव. मले उतरायचं आहे."

ते उतरले, पण कशासाठी उतरलो तेच विसरले. अंधाराकडे तोंड करून उभे राहिले. मग वळून काचेपाशी आले आणि दीड महिना घशात अडकलेलं बोलून टाकलं.

"जितू, त्या मुक्या जनावरानं काही नव्हतं केलं. माह्यं होतं ते. सारं माह्यं होतं."

जितेंद्र समोर बघत होता.

"मले माहीत होतं, बाबा. पहिल्या दिवसापासून."

"मग... त्याले काहून सोडलं?"

"श्वेता म्हणे, माह्यानं आता होत नाही, दोघांपैकी एकाले तरी न्या. मी त्याले नेलं." त्यानं नाक पुसलं. "वाटलं, तुम्ही समजून जाल. त्याच्यावर भागेल."

"पण आताचं माह्यं नाही गा. आईशपथ. आताचं त्याचंच होतं."

"आता कुत्रा नाही ना, बाबा."

रुपराव गाडीत बसले. दार त्यांनी लावलं, पण जरा उशिरा... कोणी मागून चढणार असल्यासारखं.

आश्रमात दहा चाळीसला पोचले. जितेंद्र पाया पडला, निघून गेला. रुपराव रात्रभर जागे होते. टक नाही, खरड नाही. पहाटे चाचपलं. कोरडं. भुऱ्या इथं आपल्याकडे आला नाही, याचं त्यांना रडू आलं.

सहा वाजता फोन वाजला.

"बाबा..."

"बोल."

"घरी पुन्हा झालं."

"आमच्या खोलीत. पलंगाशी, माह्या बाजूनं. कडी आतून लावली होती, बाबा..."

"श्वेता काय म्हणे?"

"काही नाही. माह्याकडे पाहून राहिली नुसती."

"मग तू काय सांगितलं तिले?"

पलीकडून फोन बंद झाला, आणि थोड्या वेळानं मोबाइलवर एक फोटो आला.

तो फोटो रुपरावांनी मला दाखवला आहे. पांढरी टाइल. ओलं पसरलेलं. आणि त्याच्या काठावर कुत्र्याच्या पंजाचे दोन ठसे, बोटं पलंगाकडे.