थोरलीच्या बाकावर

"मोठ्या कॉलेजचं नाव आता या घरात काढायचं नाही," असं म्हणून बाबांनी अर्धवट जेवलेलं ताट बाजूला सारलं... धाकटी मान खाली घालून पेल्यातल्या पाण्याकडे बघत राहिली. दोघांच्या मधे बसलेल्या थोरलीच्या काळजात मात्र चर्र झालं!

ज्या गुणांवरून हे सगळं चाललं होतं, ते तसे जुने होते. गेल्या वर्षी पहिल्या सत्रात धाकटी रसायनशास्त्रात कशीबशी काठावर तरली होती, आणि नेमका तोच विषय तिला पुढे शिकायचा होता. त्यानंतरच्या प्रत्येक परीक्षेत तिने उत्तम गुण मिळवले, पण बाबांच्या लेखी निकाल लागून गेला होता. त्यात त्यांचा तरी काय दोष म्हणा! चिनी मातीच्या कपबशांच्या कारखान्यात ते तपासनीस होते. भट्टीतून आलेला कप उजेडात फिरवायचा, लाकडी काडीने हलकेच ठोकून नाद ऐकायचा, आणि एकदा 'दुय्यम' म्हणून बाजूला काढला की पुन्हा हातात घ्यायचा नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा शिरस्ता. घरातल्या माणसांनाही ते हाच न्याय लावत. भाजी एकदा बिघडली की ती करणाऱ्याला वर्षभर हात लावू देत नसत.

थोरली त्याच कारखान्यात कपांच्या काठांवर निळी रेघ ओढायची. आई गेली तेव्हा तिला कॉलेजात प्रवेश मिळालेला होता, फक्त जायचं बाकी होतं. ती गेली नाही. घर, बाबा आणि फ्रॉकमधली धाकटी पदरात घेऊन ती रंगकामाच्या बाकावर जाऊन बसली. त्यागी माणसांचं एक असतं... केलेला त्याग ती बोलून दाखवत नाहीत, पण विसरतही नाहीत. थोरली सुखी होती, अगदी मनापासून सुखी होती. फक्त त्या सुखाच्या तळाशी एक वाक्य होतं, 'मी नाही तर ती जाईल.' आज बाबांनी त्या वाक्यावरच पाय दिला होता, आणि खरं सांगायचं तर तिला बाबांपेक्षा धाकटीचाच जास्त राग आला होता. एवढं सगळं हातात आणून दिलं, तर एक सत्र नीट अभ्यास करता येऊ नये?

दुसऱ्या दिवशी ती धाकटीला घेऊन शाळेत रसायनशास्त्राच्या बाईंना भेटायला गेली. आशा आहे की नाही ते एकदा स्पष्ट कळू दे, म्हणजे मन तरी आवरता येईल, एवढंच तिला हवं होतं.

बाई समजूतदार होत्या. कुठलंही कॉलेज एका सत्रासाठी दार लावून घेत नाही, असं त्या म्हणाल्या. आधीचे गुण बघतात, नंतरचे बघतात, आणि पडलेलं मूल उठलं कसं हे तर हमखास बघतात. त्या दृष्टीने धाकटीची बाजू चांगलीच भक्कम होती. "पण मुलाखतीत ते विचारणार, त्या सत्रात काय झालं होतं? तिथे ही जर 'अभ्यास झाला नाही' एवढंच म्हणाली, तर आळशी समजून सोडून देतील. मला तरी ती दुसरं काही सांगत नाही. दुपारच्या प्रयोगांना ती किती दिवस येतच नव्हती, तुम्हाला माहीत असेलच."

थोरलीला माहीत नव्हतं. तिने धाकटीकडे पाहिलं, तर ती खिडकीबाहेर असं काही बघत होती, जणू तिथे मोठी गंमत चालली आहे.

परतताना थोरलीच्या मनात एकच घोळत होतं... गेल्या वर्षीचं ते सत्र! जिन्यावरून पडून तिचा उजवा हात मोडला होता, तेच ते दिवस. कारखान्यात एक रीत होती. कुणी आजारी पडलं तर घरच्या माणसाने दुपारपाळीला येऊन त्या बाकावर बसायचं, म्हणजे जागा राहते. बाक रिकामा राहिला तर दुसऱ्याला जातो. तेव्हा आत्याने निरोप पाठवला होता, 'काळजी करू नकोस, बाकाचं मी बघते.' आत्या जुनी रंगकाम करणारी, त्यामुळे थोरली निर्धास्त झाली होती.

ती घरी न जाता आत्याकडे वळली. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि आपले दोन्ही हात पुढे केले. ते वयाने कापत होते.

"या हातांनी रेघ ओढली असती का गं मी?" आत्या म्हणाली. "बघते म्हणाले, ते मुकादमाशी बोलण्यापुरतं. बसली तुझी बहीण. तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती तिने मला."

थोरलीचे डोळे घळाघळा वाहू लागले... इतकी वर्षं आपणच तेवढं देत आलो, असं ती समजत होती! आणि शाळेच्या गणवेशातली ती पोर प्रयोग सोडून, गुण सोडून, बाबांची बोलणी मुकाट्याने खात थोरलीचा बाक राखत बसली होती.

संध्याकाळी तिने बाबांसमोरच धाकटीला विचारलं, "माझ्या बाकावर तू बसत होतीस, ते मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी मोडक्या हाताने जाऊन बसली असतीस," धाकटी म्हणाली. "आणि मला पुस्तकापाशी बसवलं असतंस. तुझ्याशी वाद घालून कोण जिंकलंय?"

बाबा खुर्चीतून उठले. तपासणीची खोली भट्टीपलीकडे, त्यामुळे बाकावर कोण बसतं ते त्यांना दिसत नसे; त्या दिवसांत थोरलीच्या बाकावरून येणारे वाकड्या रेघेचे कप त्यांनी स्वतःच बाजूला काढले होते, आणि त्या रेघा आत्याच्या समजून आपल्या बहिणीचं वय झालं म्हणून मनातल्या मनात हळहळलेही होते.

"त्या रेघा तुझ्या होत्या?"

"हो."

"फार वाईट होत्या."

"माहितीये."

"अजूनही वाईटच म्हणेन," बाबा म्हणाले. "पण ओढणारीबद्दल जे बोललो ते चुकलं माझं, पोरी." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढलाच नाही. मग, मुलाखतीला आपणही सोबत येणार, असं त्यांनी जाहीर केलं. कुणी विचारलं नव्हतं, पण कुणी नाहीही म्हटलं नाही.

मुलाखतीत प्रश्न आला, आणि थोरलीच्या धाकाने धाकटीने घडलं ते साध्या शब्दांत सांगितलं. प्रवेश मिळाल्याचं कळलं त्या दिवशी बाबा शेजारीपाजारी असे सांगत फिरले, जणू त्यांनी पहिल्यापासून हेच भाकीत केलं होतं. दोघी बहिणींनी त्यांना खुशाल सांगू दिलं.

जायच्या आदल्या दिवशी दोघी मिळून बॅग भरत होत्या. थोरली एकेक कपडा घडी करून देत होती आणि मधेच डोळे पुसत होती.

"ताई, तू माझ्यासाठी कॉलेज सोडलंस," धाकटी हळूच म्हणाली. "मी तुझ्यासाठी एक सत्र सोडलं. अजून खूप फेडायचं बाकी आहे ना गं माझं?"

थोरलीने तिला जवळ ओढलं. आयुष्यभर देत आलेल्या त्या बाईला आज पहिल्यांदाच कळलं होतं की घेण्यातही केवढं सुख असतं...

"मोजू नकोस," ती म्हणाली. "मी आजपासून सोडून दिलंय."