ओलं फडकं

मोबाइल खाली ठेवा, मग सांगतो. ही आपल्या काळूरामच्या धाकटीची, मनस्वीची गोष्ट. तिने बापाला सांगितली, बापाने मला. मधे तिसरा कोणी नाही, तेव्हा तिखटमीठ लागायला जागाच नाही.

गेल्या वर्षीची पौष वद्य त्रयोदशी, मंगळवार. मनस्वीला संध्याकाळी खड्ड्यावरून फक्त एक बादली आणायची होती.

पनवेलच्या खाडीकडच्या टेकाडावर तिच्या कॉलेजचं उत्खननाचं शिबिर लागलं होतं. थापी धरायची कशी, माती थराथराने खरवडायची कशी, चाळायची कशी, सगळं पोरांनी हाताने शिकायचं. मनस्वी इथलीच, ती घरूनच स्कूटीवर जायची. तिच्या खड्ड्यात एका तान्ह्या मुलाचा सांगाडा लागला. एवढासा. उजवी मूठ गालाखाली घेतलेली. हाडं तडकू नयेत म्हणून त्यांच्यावर ओलं फडकं पसरायचं काम तिच्याकडे होतं.

पोरगी जात्याच मायाळू. त्यात घरी मोठी बहीण भावना बाळंतपणाला आलेली, आठवा महिना. उठता बसता बाळाचंच बोलणं. मग ही त्या हाडांशीही बोलायला लागली. फडक्याचे कोपरे नीट ओढायची, "थंडी वाजते का रे?" म्हणायची, आणि निघताना रोज म्हणायची, "येते हं."

आता मला सांगा, मयताच्या घरून उठताना आपण 'येतो' म्हणतो का? मुकाट्याने उठतो. आजोबा गेले तेव्हा मनस्वीनेही हे पाहिलं होतं. पण हाडांना नंबर पडला, शेजारी पाटी लागली, की त्यांना मयत कोण समजतं!

त्या मंगळवारी दुपारी हाडं पेटीत घालून तपासणीसाठी पुण्याला गेली. खड्डा दुसऱ्या दिवशी बुजवायचा होता. सर म्हणाले, "मनस्वी, घरी जाताना तुझी बादली उचलून ने, नाहीतर उद्या मातीखाली जाईल."

कॉलेजात हाडांची नोंद लिहून ती टेकाडावर परत पोचली तेव्हा अंधारलं होतं. लांब न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या कंटेनरचे दिवे दिसत होते, बाकी काही नाही. तिने मोबाइलचा उजेड खड्ड्यात टाकला. बादली होती. फडकंही होतं. मधोमध पसरलेलं... आणि ओलं. दुपारपासून तिथे कोणी पाणी शिंपडलं नव्हतं. मधे ते जरा वर आलं होतं, खाली काही असल्यासारखं.

खाली काही नव्हतं. तिनेच स्वतःच्या हाताने एकेक हाड पेटीत ठेवलं होतं.

तिने बादली उचलली. वळली. आणि सवयीने तोंडातून निघून गेलं.

"येते हं."

फडकं हललं. झोपेत मूल कूस बदलतं, तितकंच.

ती पळाली. स्कूटी सुरू केली. आणि पाठीवर जॅकेट ओढलं गेलं. खाली, कमरेपाशी. लहान मूठ पकडते तसं... तिने मागे पाहिलं नाही. फक्त घर गाठायचं होतं.

गावाच्या वळणावर तिच्या लक्षात आलं. घरी भावना आहे. आपण दारात उतरलो, तर हे आत येणार.

भावना ओटीवरच उभी होती, पोटावर हात ठेवून.

"मने, कुठं चाललीस गो? घर इथं हाय!"

मनस्वी थांबली नाही. तशीच पुढे. थेट हायवेपर्यंत.

तिथे दिव्याखाली गाडी उभी केली तेव्हा कळलं, जॅकेट कोणी धरलेलं नाही. पाठ मोकळी. कधी सुटलं, ते तिला आठवेना. तिला रडूच आलं. वाचलो, म्हणाली. टपरीवर चहा घेतला, मग घरी आली.

आई भाकऱ्या थापत होती. "हळू बोल. भावना आताच झोपली हाय."

मनस्वीने खोलीत डोकावलं.

भावना गाढ झोपली होती. कुशीवर. उजवी मूठ गालाखाली...

...आणि पोटावर ते फडकं. ओलं. चारही कोपरे नीट ओढलेले.