तांब्यातली ज्वारी

नवरा गेल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी वैजयंताबाई तांब्या घेऊन राख सावडायला स्मशानात गेल्या, तेव्हा चौथऱ्यावर राखेचा कणही नव्हता. फरशी धुऊन पुसून लख्ख केलेली होती. सोबत त्यांची मुलगी ऋजुता होती. राख मिळणार नाही हे तिला ठाऊक होतं, आईला सांगायचा धीर तेवढा झाला नव्हता.

परदेशातून खतासाठी येणारा स्फुरदाचा दगड संपत आला, तशी ज्वारीची कणसं भरेनाशी झाली आणि दाणा दाणा रेशनवर गेला. त्याच वर्षी ऋजुताच्या कॉलेजात सरांनी प्रकल्पासाठी मूलद्रव्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या होत्या. कुणाला सोनं आलं, कुणाला टायटॅनियम. ऋजुता आणि सुयोग खोत यांच्या वाट्याला आला फॉस्फरस, म्हणजे शेतकऱ्यांचं साधं स्फुरद. वर्ग हसला. पण माणसाच्या हाडांत ते भरपूर असतं आणि जाळल्यावरही राखेत उरतं, हे कळल्यावर दोघं झपाटली. राखेतलं स्फुरद चुन्याला घट्ट धरून बसतं, मुळांच्या हाती लागत नाही. या दोघांनी ते रातोरात मोकळं करणारा जिवाणू वाढवला. प्रयोगाची पहिली राख ऋजुताच्या वडिलांनी, अण्णांनीच ओळखीपाळखीने मिळवून स्कूटरवरून आणून दिली होती. माझीही घाल गं वांग्यांना, असं म्हणून ते खदखदा हसले होते.

पुढे सरकारपुढे सादरीकरण झालं. नातेवाइकांसाठी मूठभर राख ठेवायची का, असं एका अधिकाऱ्याने विचारलं. सुयोग घुटमळला. ऋजुता मात्र ताडकन म्हणाली, "अणूला नातं नसतं, सर."

टाळ्या पडल्या. प्रत्येक चितेची राख खतासाठी घेण्याचा कायदा झाला, त्यात मूठही राहिली नाही.

आता सुयोग या स्मशानातल्या स्फुरद केंद्राचा प्रमुख होता. त्याने वैजयंताबाईंना वाकून नमस्कार केला आणि प्रत्येक घराला देतात तशी ज्वारीची पिशवी पुढे केली. इथल्याच खतावर पिकलेली आहे, असं तो खाली मान घालून म्हणाला. ऋजुताने त्याला बाजूला घेऊन चिमूटभर तरी राख मागितली. राख केव्हाच जिवाणूंच्या टाकीत गेली होती, इतरांच्या राखेत मिसळली होती. ती वेगळी काढता येत नाही, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिला स्वतःचीच चीड आली.

मग तिने आईला अण्णांचं ते वांग्यांचं बोलणं सांगितलं.

"थट्टेतलं बोलणं कुणी धरतं का, ऋजू?" आई म्हणाली.

आईने पिशवीतली ज्वारी तांब्यात ओतली आणि नदीच्या घाटाची वाट धरली. घरातला रेशनचा डबा रिकामा होता. ऋजुता मागोमाग धावली.

"आई, यात अण्णा नाहीत गं."

"मग दुसऱ्या कुणाचं तरी माणूस असेल."

वैजयंताबाई पाण्यात उतरल्या. तांब्या कपाळाला लावून त्यांनी तो हळूहळू कलता केला. दाणे बुडाले, थोडं फोलपट तरंगत गेलं.

वरच्या पायरीवर तशीच पिशवी घेतलेली एक बाई हे सगळं बघत उभी होती. गालफडं बसलेली, कडेवर पोर. ती पिशवीची गाठ सोडू लागली. तिला अडवायला हवं होतं, पण ऋजुताने कोणत्या तोंडाने अडवावं?