चाळीस टक्क्यांचं वचन

व्यापार खात्याच्या जिन्यावर त्याच्या बुटाचा तळ असा लोंबत होता, की मागून येणाऱ्या तिला हसू आवरेना.

"बूट परदेशी दिसतोय!"

तो वळला... गोरामोरा झाला. "तुम्हाला कसं कळलं?"

"आमचा बुटांचाच कारखाना आहे."

बाहेरून येणाऱ्या बुटांवरचा कर वाढवा, असा बाबांचा अर्ज घेऊन ती आली होती. आणि हा नेमका त्याच विभागातला अधिकारी निघाला! अर्ज राहिला बाजूला, समोरच्या दुकानातल्या कॉफीच्या भेटी वाढल्या.

"आज कर वीस टक्के आहे," तो एकदा म्हणाला. "पण इतर देशांना आपण वचन दिलंय चाळीसचं. तिथपर्यंत सरकार कधीही वाढवू शकतं. त्याच्या वर नाही."

"आणि वचन मोडलं तर?"

"दुसऱ्या कुठल्यातरी मालावर सवलत देऊन भरपाई करायची."

"मग तुम्हीही मर्यादा बांधून द्या, टक्केमहाशय... यापेक्षा जास्त वेळ गप्प बसणार नाही म्हणून!"

तो लाजला — आणि गप्पच बसला.

तिने मात्र ते चाळीस घरी नेले. "वाढेल, बाबा," ती रोज सांगायची. त्या आशेवर बाबांनी एकही कामगार काढला नाही, उलट नवं यंत्र आणलं.

मग तो वाटाघाटींसाठी परदेशी गेला. संध्याकाळच्या बातम्यांत कळलं — आपली मासळी त्यांच्याकडे स्वस्तात जाणार. बदल्यात बुटांवरच्या कराची मर्यादा दहा टक्के.

चाळीस तर राहिलेच, आजचे वीसही दहावर! तिने त्याचे फोन घेणं बंद केलं. स्वस्त परदेशी बुटांपुढे टिकाव न लागून कारखान्याला कुलूप लागलं, त्या दिवशी तो स्वतःच दारात उभा राहिला.

बाबांनी खुर्ची पुढे केली. "साहेब, कर पुन्हा वाढवता नाही का यायचा?"

"नाही, काका... वचन दिलंय."

बाबांनी नुसती मान हलवली. ती त्याला फाटकापर्यंत सोडायला आली.

"तुला माहीत होतं?"

"शेवटच्या काही भेटींत... होतं. बोलायची बंदी होती."

"आणि मी बाबांना सांगत होते, वाढेल म्हणून."

भुरभुर पाऊस त्याच्या चष्म्यावर साचत होता. त्याने तो पुसलाही नाही.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर," तो कसाबसा म्हणाला.

"माझंही आहे... तेच तर सोसवत नाही."

मग त्याने फाटकाची कडी काढली.

"येतो."

"येतो नको म्हणूस," ती म्हणाली. "आज... जातो म्हण."