जिवंतपणी सोनेरी

आम्हाला एक भुंगेरा जिवंत पाहायचा होता. त्यासाठी आम्ही तिघं आठ दिवसांचा शिधा पाठीवर घेऊन दरीच्या वरच्या टोकाकडे निघालो.

मेलेला भुंगेरा आमच्या संग्रहालयात होताच. एकच. तिसऱ्या कपाटातल्या सर्वांत खालच्या खणात, गंजलेल्या टाचणीवर, अठ्ठावीस वर्षं. अंगठ्याच्या नखाएवढा, कासवासारखी पसरट पाठ, रंग तपकिरी, पाठीवर सात काळे ठिपके. असा भुंगेरा कुठल्याही ग्रंथात नोंदलेला नव्हता. मी त्याचं वर्णन लिहायला घेतलं. पण कसरीने त्याच्या मिशा आणि पुढचे दोन पाय केव्हाच खाल्ले होते. मिशांची पेरं मोजल्याशिवाय त्याला नवी जात म्हणता येईना. तरी मी शोधपत्रिकेकडे अर्धवट वर्णनच पाठवणार होते. तेवढ्यात वनचौकीचं टपाल घेऊन एक वाटाड्या आला, खणात डोकावला आणि हसला.

"हा होय! हा तर सोन्यासारखा असतो, ताई. मेला की असा होतो."

मी पाकीट परत उघडलं. 'रंग तपकिरी' हे माझ्या वर्णनातलं तिसरंच वाक्य होतं.

चित्र काढायला आई आल्या. म्हणजे माझ्या सासूबाई. चौतीस वर्षं संग्रहालयासाठी त्यांनी मेलेले किडे रंगवले होते, जिवंत एकही नाही. असली झळाळी कॅमेऱ्यात पांढरीफटक दिसते. ती त्यांच्या कुंचल्यालाच जमली असती. माझ्या नवऱ्याने अडवून पाहिलं. "आई, तुझे गुडघे!"

"मग ते घरी ठेवून जाते. सांभाळशील?" त्या म्हणाल्या.

पहिले दोन दिवस चढ होता. उंच झाडांच्या सावलीत दुपारीही संध्याकाळ वाटावी असा हिरवा काळोख, पायाखाली कुजक्या पानांची ओली गादी, आणि कपड्यांच्या प्रत्येक फटीतून आत शिरणाऱ्या जळवा. आई प्रत्येक जळू मिठाच्या चिमटीने सोडवायच्या आणि तिला म्हणायच्या, "झालं ना पोट भरून? जा आता."

तिसऱ्या दिवशी नदी आडवी आली. पाणी मांडीपर्यंत होतं, पण ओढ जबर. वाटाड्याने दोर पलीकडच्या झाडाला बांधला. आम्ही निम्म्यात पोचलो आणि आईंच्या पायाखालचा दगड फिरला! त्या बुडाल्या. मी त्यांच्या पिशवीचा पट्टा पकडला. पट्टा तुटला! वाटाड्याने झेप घेऊन त्यांचा दंड धरला आणि खेचत काठावर आणलं. पिशवी मात्र वाहून गेली. त्यात आमचा अर्धा शिधा होता.

"रंग?" आईंनी खोकत विचारलं.

"माझ्या पाठीवर आहेत," मी म्हणाले.

"मग रडतेस कशाला, वेडे?"

मी रडत होते हे मला तेव्हा कळलं.

नदीपलीकडच्या वेली आम्ही दीड दिवस धुंडाळल्या. पाचव्या दिवशी सकाळी वाटाड्याने एका वेलीचं पान अलगद उलटलं. आम्ही श्वास रोखला.

सोनं होतं ते! पानाखाली वितळलेल्या सोन्याचा थेंब अडकून राहावा तसा तो भुंगेरा बसला होता. भुंगेरा नव्हे, मादी. तिच्या पाठीच्या रुंद कडेखाली अळ्यांचा दाट पुंजका होता, आणि ती त्यांच्यावर छपरासारखी पसरली होती. मी पाठीवरचे ठिपके मोजले. सात.

वाटाड्याने आसपासच्या वेली पालथ्या घातल्या. दुसरी मादी नाही, नरही नाही. "एकच आहे, ताई. आणि वरच्या डोंगरावर ढग बघा. दुपारच्या आत नदी ओलांडली नाही, तर पाणी उतरेपर्यंत इथेच. खाणार काय?"

मी स्पिरिटची बाटली काढली. काम सोपं होतं. एक धडका नमुना मिळाला की जात नोंदली जाणार. गेली दोन वर्षं मी त्याचसाठी खपत होते. आईंनी बाटलीकडे पाहिलं, मग अळ्यांकडे. पेन्सिलीला टोक काढत राहिल्या.

तेवढ्यात देठावरून तांबड्या मुंग्या आल्या. एक, तीन, दहा! मादी गर्रकन वळली. पाठीची कड तिने पानाला टेकवली आणि पहिली मुंगी खाली ढकलली. दुसरी बगलेतून शिरली. मादी तिकडे! तिसरी आली. पुन्हा वळली! अळ्या जराही हलल्या नाहीत, इतका त्यांचा तिच्यावर भरवसा होता. पाच मिनिटांत देठ मोकळा झाला.

ती उचलली, तर पुढच्या मुंग्या कोण ढकलणार होतं?

मी तरीही बोट पुढे केलं. मादी माझ्या बोटावर चालून आली! कड रोवून, सगळं अंग लावून तिने मला ढकललं. मुंगीला ढकललं होतं तसंच. तिचं सोनं झरझर विझलं, आणि माझ्यासमोर खणातला तोच तपकिरी भुंगेरा होता. तोच रंग, तेच ठिपके. फक्त हिला पुढचे पाय होते. आणि दोन्ही मिशा माझ्या नखावर ताणलेल्या होत्या.

"बोट हलवू नकोस!" आई कुजबुजल्या. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. "नऊ... दहा... अकरा पेरं. शेवटची चार काळी. पुढच्या पायाला काटा आहे. तूही मोज."

मी मोजली. अकरा. त्यांची पेन्सिल चालत राहिली. मादी मला ढकलत राहिली. वीस मिनिटं मी तशीच उभी होते, हात बधिर झाला तरी. मग बोट मागे घेतलं आणि दुसऱ्या हाताने बाटलीचं बूच घट्ट बसवलं.

"आता सोनं परत येऊ दे," आई म्हणाल्या.

"मावशी, नदी!" वाटाड्या म्हणाला.

"तिला घाबरवलंय आपण. जरा बसू दे की बाळंतिणीला."

पाऊण तास आम्ही कुणीही हललो नाही. मग तिच्या कडेवर पिवळसर झाक आली. पाठीच्या मधोमध पोचली. उजळली! आईंचा कुंचला कागदावर टेकला. रंग वाळेपर्यंत त्या कागदावर हळूच फुंकर घालत होत्या.

नदीवर पोचलो तेव्हा पाणी गढूळ झालं होतं, कमरेच्या वर. चित्राची नळी वाटाड्याने डोक्याला बांधली. आईंना मी माझ्या कमरेशी बांधलं. ओंडका आला! आम्ही मागे सरलो. तो पुढून, नदीवर बांधून ठेवलेला दोर घासत गेला. दोर तुटला नाही! पुढचं पाऊल. आणखी एक. मग पायाखाली वाळू लागली, आणि आम्ही तिघंही काठावर पालथे पडून हसत सुटलो.

आठवड्याभराने मी वर्णन पाठवलं. तुटका नमुना एक, चित्रं दोन. परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला: दुसरा नमुना हाताशी असून गोळा का केला नाही? मी तीन उत्तरं लिहिली, तिन्ही लांबलचक, तिन्ही फाडली.

"खरं ते लिही," स्वयंपाकघरातून आई म्हणाल्या.

मी लिहिलं, 'मादीखाली तेवीस अळ्या होत्या.'

पत्राला उत्तर आलं. नवी जात मान्य झाली होती. खाली परीक्षकांनी पेन्सिलीने लिहिलं होतं: हे वाक्य वर्णनातही छापावं.