कौल येईपर्यंत

देवेश केमिस्टकडून मास्क घेऊन मुलुंडच्या घरात शिरला, तेव्हा दुपारचं ऊन ओट्यापर्यंत आलं होतं आणि घरभर पपनसाचा आंबूस वास होता. तो दारातच थबकला. त्याचाच बोन मॅरो बहिणीला, ऋतिकाला दिला होता. तो तिच्या अंगाशी भांडू नये म्हणून गोळ्या चालू होत्या, आणि त्या गोळ्यांवर पपनस म्हणजे विष, असं डॉक्टरीणबाईंनी घरातल्या सगळ्यांना बजावलं होतं.

"कोणी दिलं तिला?"

"देवीचो प्रसाद तो," श्यामकांतकाका म्हणाले. "आठवडोभर खाता, काय झाला? कॉलेज सोडलेल्यान माका शिकवू नये."

या घरात मोठ्यांनी माती खाल्ली की आई भांडी घासायला घेते.

खोलीत ऋतिका ताठ बसली होती. हात थरथरत होते.

"देव्या, दार लाव ना... ती आत येतेय."

"कोण?"

"हिरव्या लुगड्यातली. केस पुसतेय... थांब, बसली."

देवेशने तिच्या डोळ्यांसमोर हात हलवला. पापणी लवली नाही.

काकांनी दारातूनच बाधा ठरवली आणि गावच्या गुरवाला फोन लावला. देवीच्या अंगावर चिकटवलेली पाकळी उजवीकडे पडली, तरच पोरीला हलवायचं. "कौल येईपर्यंत कोणी हात लावूचो नाय!"

"पाकळी पडेपर्यंत मरेल ती! सरका, नाहीतर तुम्हालाच उचलून फेकतो."

रिक्षातच ऋतिकाला झटका आला.

झटका हॉस्पिटलात थांबला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषध रक्तात साठलं, मेंदूला सूज आलीय. तिला आत्ता काहीच दिसत नाहीये. दिसतंय असं वाटतंय फक्त. मेंदू मनाने चित्रं भरतो. सूज उतरली की नजर परत येईल, बहुतेक."

देवेशच्या जिवात जीव आला. म्हणजे बाई नव्हतीच. काका खोटे, गुरव खोटा. सूज हा शब्द एवढा गोड असतो हे त्याला माहीत नव्हतं.

"हे बघ," म्हणत त्यांनी टॉर्च ऋतिकाच्या डोळ्यांसमोर इकडून तिकडे फिरवला. बुबुळं जागची हलली नाहीत.

टॉर्च विझल्यावर हलली.

दारापासून हळूहळू पलंगाच्या पायथ्याकडे... तिथून डॉक्टरीणबाई उभ्या होत्या त्या बाजूला. कोणी चालत यावं आणि आपण बघत राहावं, तशी.

"ऋतू... काय बघतेस?"

तिने ओठांवर बोट ठेवलं.

"असं... असं व्हायला नको," डॉक्टरीणबाई पुटपुटल्या. आणि पलंग-भिंतीमधल्या चिंचोळ्या जागेत, कोणाला तरी वाट द्यावी तशा, अंग चोरून भिंतीला टेकल्या.